कार्पेट आधी उचला, ऑर्डर नंतर द्या

पत्र: फोंड्यात तळमजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सासरे मस्कतला होते, तेव्हा १९९८ साली त्यांनी हॉलमध्ये आणि एका बेडरूममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट घालून घेतलं. दर पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो आणि सासूबाईंना दमा आहे. म्हणून आता एसपीसीच्या फळ्यांचं फ्लोअरिंग घालायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, आजच ॲडव्हान्स द्या, माझी माणसं एका दिवसात कार्पेट काढून नवीन बसवून जातील. काढण्याचे पैसे वेगळे. ते पैसे वाचवायला मी आणि यजमान मिळून कार्पेट स्वतःच काढावं म्हणतोय. यजमानांचं म्हणणं, गोंद निघाला नाही तर थिनर ओतू. शेजारी म्हणतात, काढताय कशाला, वरच टाका. सासरे यावर गप्प आहेत. गणेश चवथीला अजून सात-आठ आठवडे आहेत, त्याआधी सगळं व्हायला हवं. जमेल का?
एक वाचक, फोंडा

ताई,

कार्पेट काढणं तुम्हां दोघांना जमेल. त्यात कौशल्य थोडं आणि घाम जास्त. चवथीआधी नवीन फ्लोअरिंग मात्र घालू नका, आणि ॲडव्हान्स तर आत्ता मुळीच देऊ नका.

आधी ऑर्डर, मग कार्पेट काढणं आणि त्याच दिवशी नवीन बसवणं, हा क्रम दुकानदाराच्या सोयीचा आहे. त्याची माणसं एका फेरीत मोकळी होतात. तुमच्या घराच्या सोयीचा तो नाही, कारण पंचवीसहून अधिक वर्षं झाकलेल्या त्या जमिनीची आज काय अवस्था आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि त्यालाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तळमजल्याच्या जमिनीतून ही ओल वाफेच्या रूपाने वर येत असते. उघड्या फरशीवरून ती हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. वर रबरी पाठीचं कार्पेट असेल तर ती तिथे अडते, आणि तुमचा कुबट वास त्यातूनच येतो. तीच जमीन वाळू न देता त्यावर एसपीसी बसवली, तर तुम्ही उकळत्या भांड्यावर आणखी घट्ट झाकण ठेवता. एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि पीव्हीसी, ती स्वतः फुगणार नाही, दुकानदार ते खरंच सांगत असेल. पण तिच्याखाली बुरशी धरायची ती धरेलच आणि दोन वर्षांनी तोच वास फळ्यांच्या सांध्यांतून वर येईल.

शेजाऱ्यांचा सल्ला इथेच निकालात काढतो. एसपीसीच्या फळ्या एकमेकींत खटक्याने अडकतात आणि ती खाच अगदी नाजूक असते. खाली मऊ कार्पेट असलं की प्रत्येक पावलाला फळी खालीवर होते आणि खाच तुटत जाते. आधी सोफ्याच्या पायांपाशी, मग दारात. शिवाय ज्या धुळीसाठी आणि बुरशीसाठी हा सगळा खटाटोप, ती सगळी जागच्या जागी राहणार.

कामाला हात लावण्याआधी सासऱ्यांशी बोला. ते गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. मस्कतच्या कमाईतून हौसेने घातलेली वस्तू आहे, तेव्हा गप्प बसणं समजण्यासारखं आहे. ती बाजू तुम्ही माझ्याहून चांगली सांभाळाल. माझा हेतू जरा व्यवहाराचा आहे. कार्पेट घातलं तेव्हा समोर उभा असलेला माणूस घरात तोच एक. खाली काय होतं, मोझाइक की नुसतं सिमेंट? गोंद सगळ्या जमिनीला फासला होता की फक्त कडेने? मध्ये फोम अंथरला होता का? टेलिफोनची किंवा केबलची वायर खालून नेली होती का? त्या काळी ही वायरची युक्ती सर्रास करत आणि कटर चालवताना तीच नेमकी आडवी येते. अशा चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर तुमचा अर्धा दिवस वाचेल. त्यांना नुसता निर्णय कळवण्यापेक्षा त्यांच्याकडून माहिती मागणं घरातल्या वातावरणालाही बरं.

मग एक छोटी चोरटी तपासणी. कपाटामागे कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, वीतभर तुकडा कापून उचला. कार्पेट सहज सुटलं तर ते नुसतं अंथरलेलं किंवा कडेने चिकटवलेलं आहे, तुमचं नशीब. पाठीचा रबर जमिनीलाच राहून वरचं कापड तेवढं हातात आलं, तर पूर्ण चिकटवलेलं आहे आणि एका खोलीला एक दिवस धरा. भिंतीलगत बारीक खिळे वर काढलेली लाकडी पट्टी दिसली तर ती ताणून बसवायची पद्धत. आपल्याकडे ती कमी दिसते, पण मस्कतला राहिलेल्या माणसाने ती करून घेतली असेल तर नवल नाही. बोटाला ओल लागते का, वास कसा येतो, तेही बघा.

आता प्रत्यक्ष काम. पावसाची जरा उघडीप बघून दिवस ठरवा, खिडक्या उघड्या ठेवता यायला हव्यात. सासूबाईंना दोन रात्री नातेवाइकांकडे पाठवा. याबाबतीत भीड नको. एवढ्या वर्षांची धूळ एका दिवसात हवेत येणार आहे आणि दम्याच्या माणसाला दार लावून आतल्या खोलीत बसवणं पुरेसं नाही. काम झाल्यावर धूळ खाली बसायला आणि ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यायला वेळ लागतो, तेवढा तो द्या.

तुमच्यासाठी एन-९५ मास्क. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट. चपला घालून हे काम करू नका; खिळ्यांच्या पट्टीवर पाय पडला की काम थांबवून धनुर्वाताच्या इंजेक्शनला धावावं लागेल. हत्यारं फार लागत नाहीत: रुंद पात्याचा कटर आणि भरपूर जादा पाती, पक्कड, हातोडी, एक चपट्या टोकाची पहार, रुंद पुट्टी पत्रा, सरळ धारेचं फावडं आणि सुतळी. फावडं मुद्दाम लिहिलं. चिकटलेला फोम वाकून पुट्टी पत्र्याने खरवडत बसलात तर दुसऱ्या दिवशी कंबर उठू देणार नाही. उभ्याने फावडं सरकवलं की तेच काम निम्म्या त्रासात होतं.

खोली पूर्ण रिकामी करा. बाकीच्या घराकडे जाणाऱ्या दारावर ओली चादर टांगा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर कार्पेटवरून एकदा संथपणे फिरवा. मग स्प्रेच्या बाटलीने हलका फवारा मारा, धूळ दबेल एवढाच. बादलीने पाणी ओतलंत तर कार्पेट दुप्पट जड होईल आणि खालची ओलही वाढेल. पंखा बंद.

दारातली ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रू काढून आधी मोकळी करा. दारापासून लांबच्या कोपऱ्यात पकडीने कार्पेटची कड धरून उचला. सुटं असेल तर दुमडून पाठीच्या बाजूने कापा. पाठीकडून पातं सरळ जातं आणि खालच्या फरशीवर रेघ उठत नाही. चिकटलेलं असेल तर वरूनच कापावं लागेल. तेव्हा पातं कार्पेटच्या जाडीपुरतंच बाहेर ठेवा. खाली मोझाइक असेल तर त्यावरची प्रत्येक ओरखड नंतर तुम्हालाच खुपणार आहे. पट्टे दोन फूट रुंदीचे करा. हॉल १२ बाय १६ फुटांचा धरला तर असा बारा फुटी पट्टा साधारण पाच किलो भरतो, एकट्या माणसाला उचलता येतो. अख्खं कार्पेट एकदम गुंडाळायचा मोह होतो, विशेषतः पुरुषमंडळींना. तो भारा दारातून वळत नाही आणि वळवताना भिंतीचा रंग घेऊन जातो. पट्टा ओढताना वर उपटू नका. जमिनीलगत, मागे मागे जात, सावकाश ओढा. मग पाठीची बाजू कमी तुटते. केसाळ बाजू आत ठेवून वळकटी करा, सुतळीने बांधा आणि जुन्या चादरीत गुंडाळून लगेच बाहेर न्या.

खाली तांबड्या मातीचा थर दिसेल, पिठासारखा बारीक. बुटांबरोबर आत येऊन कार्पेटच्या विणीतून गळालेली ही आपली गोव्याची माती. कोरड्या झाडूने झाडू नका, फवारा मारून ओलसर करून गोळा करा. जुना रबरी फोम असेल तर त्याचा भुगा झालेला असतो, तोही असाच. खिळ्यांच्या पट्ट्या असतील तर पहारीचं टोक प्रत्येक खिळ्याच्या अगदी जवळ घाला आणि पहारीखाली प्लायवुडचा तुकडा ठेवा, म्हणजे दाब टाइलच्या कडेवर येत नाही. निघालेली पट्टी लगेच खोक्यात, जमिनीवर नाही.

आता गोंद. बहुतेकांचा धीर इथे सुटतो आणि यजमानांना थिनर आठवतो. थिनर नको, पेट्रोल नको, रॉकेल नको. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत दुसऱ्या खोलीपर्यंत जाते. तुमच्या देवघरात समई असेल, स्वयंपाकघरात गॅस, फ्रिज तर चोवीस तास चालू-बंद होतच असतो. पावसाळ्यात खिडक्या अर्ध्या मिटलेल्या. यातून आगी लागतात. ते टळलं तरी विरघळलेला गोंद पातळ होऊन फरशीच्या छिद्रांत उतरतो आणि पिवळा डाग कायमचा बसतो.

त्याऐवजी एका कोपऱ्यात प्रयोग करा. गरम पाण्यात पिळलेलं जाड फडकं गोंदावर वीस मिनिटं ठेवा. गोंद पांढुरका होऊन मऊ पडला तर तो पाण्यात बनवलेला आहे. अशीच फडकी ठेवत, खरवडत पुढे सरका. काही फरक पडला नाही तर तो रबरी गोंद. तो कोरडाच काढायचा: पुट्टी पत्र्याला धार हवी, कोन अगदी चपटा हवा, मग गोंदाच्या वळ्या होऊन निघतात. फारच घट्ट असेल तिथे हेअर ड्रायरने हातभर जागा गरम करा आणि लगेच खरवडा. शंभर टक्के निघायलाच हवा असं नाही. हाताला उंचवटा लागू नये आणि चिकटपणा राहू नये, एवढं पुरे. पुढे फरशी पॉलिश करून घेतलीत तर उरलेला थर मशीनखाली जाईलच.

टाइल्स साफ करायचं ॲसिडही नको. मोझाइकमधले चिप्स संगमरवराचे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंट. ॲसिड दोन्ही खातं. फेस येतो, लोकांना वाटतं मळ निघतोय, प्रत्यक्षात फरशीच निघत असते. त्यातच कुणी ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. दम्याच्या घरात तो विषाची परीक्षा. भाड्याचा ग्राइंडर आणून गोंद घासणंही टाळा, सिमेंटची ती बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते.

एक शक्यता कमी आहे, पण सांगायलाच हवी. कार्पेटखाली ९ इंची, पातळ, ठिसूळ, प्लॅस्टिकसारख्या टाइल्स निघाल्या आणि त्या काळ्या डांबरासारख्या गोंदावर बसवलेल्या असतील, तर तिथेच हात थांबवा. जुन्या विनाइल टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस घालत असत, आपल्याकडेही तशा टाइल्ससाठी भारतीय मानक होतं. अखंड पडून राहिल्या तर त्या सहसा निरुपद्रवी. तोडल्या, घासल्या की तंतू हवेत जातात आणि त्यांचा परिणाम कित्येक वर्षांनी फुफ्फुसांच्या रोगांच्या, कर्करोगाच्याही रूपाने दिसतो. अशा टाइल्स न हलवता ओल्या फडक्याने पुसून जाणकाराला दाखवा. तुमच्या इमारतीच्या वयाकडे बघता मला मोझाइकचीच अपेक्षा जास्त आहे.

बुरशीचे काळे-हिरवे ठिपके दिसले तर साबणाच्या पाण्याने घासून जागा कोरडी करा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक ठोकताळा आहे: बुरशी साधारण १० चौरस फुटांपर्यंत असेल तर घरच्या घरी साफ करायला हरकत नाही, त्याहून जास्त असेल तर माहितगार माणूस बोलवावा. आणि स्कर्टिंगच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. काही कार्पेटांच्या पाठीला ताग असतो, वाळवीचं ते आवडतं खाणं. तिचा बंदोबस्त केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

आता मुख्य प्रश्न, ओल. जमीन उघडी झाली की पंखे लावून तिला वारा खाऊ द्या. आठवड्याभराने जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे १८ बाय १८ इंचांचे तीन तुकडे घ्या. एक खोलीच्या मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक बाथरूमच्या भिंतीजवळ. चारही कडांना रुंद टेप लावून हवाबंद करा आणि कमीत कमी १६ तास तसंच राहू द्या. नंतर बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालची फरशी आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो पावसाळी हवेचा, त्याचं मनावर घेऊ नका. फक्त बाथरूमजवळचाच तुकडा ओला निघाला तर दोष जमिनीचा नाही, नळाचा किंवा गळतीचा आहे. फ्लोअरिंगवाल्याच्या आधी प्लंबर बोलवा. हीच चाचणी नोव्हेंबरात पुन्हा करा. पावसाळ्यात तळमजल्याची जमीन दमट निघणं अपेक्षितच आहे. दिवाळीनंतरही थेंब धरले तर मात्र त्या जमिनीवर काहीही बंदिस्त घालू नये.

म्हणूनच चवथीआधी नवीन फ्लोअरिंग नको म्हणतो. जुलैत कार्पेट काढून ऑगस्टमध्ये एसपीसी घालणं म्हणजे वर्षातल्या सर्वांत ओल्या जमिनीला सर्वांत वाईट मुहूर्तावर झाकणं. चवथीला हॉल मोकळा, धुतलेला, पुसलेला असला की झालं. चटया अंथरा. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, जे काय ठिबकायचं ते फरशीवर ठिबकू दे, पावसातून आरतीला येणारी पंचवीस जणांची ओली पावलं फरशीवर उमटू देत, बायका फुगडी घालतील ती फरशीवरच बरी. नव्या फळ्यांवर पहिल्याच महिन्यात फुगडी, हे दृश्य मला एसपीसीच्या मालकापेक्षा विक्रेत्याच्या फायद्याचं वाटतं.

आणि खरं सांगायचं तर तोवर तुमचा विचार बदलण्याची मला थोडी आशा आहे. नव्वदीच्या दशकातल्या आपल्याकडच्या फ्लॅटांत बहुतेक ठिकाणी मोझाइक टाइल्स घातलेल्या असत. तुमच्याकडेही त्याच निघाल्या, तर इतकी वर्षं कार्पेटखाली राहिल्यामुळे त्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सपेक्षा कमीच झिजलेल्या असतील. या टाइलचा वरचा चिप्सचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो, म्हणजे ती पुनःपुन्हा पॉलिश करता येते. पॉलिशवाला मशीन आणतो, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाणी घालून घासतो, फुटलेल्या कडा आणि खिळ्यांची भोकं व्हाइट सिमेंट आणि रंग मिसळून भरतो, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पुडीने चमक आणतो. (हे वर सांगितलेल्या ॲसिडपेक्षा सौम्य, आणि ते पॉलिशवाल्याच्याच हातात राहू द्या.) कामाच्या दिवशी घरभर राखाडी चिखल होतो. तो बाथरूमच्या जाळीत ओतू देऊ नका, सिमेंट आत जाऊन बसतं. बादलीत गोळा करून निवळू द्यावा. खर्च सहसा नव्या फ्लोअरिंगपेक्षा कमीच येतो. तळमजल्यावर, गोव्याच्या हवेत, दम्याच्या माणसाच्या घरात, रोज ओल्या फडक्याने पुसता येणारी आणि जमिनीतली ओल न अडवणारी फरशी मला कुठल्याही फळीपेक्षा उजवी वाटते. रंग जुनाट दिसतो, हे मान्य. तो तुमच्या आवडीचा प्रश्न.

तरी एसपीसीच हवी असेल तर घाला, ती काही वाईट वस्तू नाही. फक्त डिसेंबरात घाला. लॅमिनेटकडे वळू नका. त्याच्या पोटात लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असते आणि ती पाण्याने फुगते. जमीन सपाट आहे का ते दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघा. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंग करून घ्या. फळ्यांची खोकी बसवण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवा. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटरची जागा सोडायला लावा, कारीगर घाईत असला की हीच गाळतो. आणि तुमची दारं तपासा. कार्पेट आणि फोमसाठी त्या वेळी दारं खालून तासलेली असणार. पाच-सहा मिलिमीटरच्या एसपीसीवर त्यांच्याखाली फट राहील आणि त्यातून झुरळांची ये-जा सुरू होईल. दाराला खालून रबरी पट्टी लावून घेतली की भागतं.

निघालेल्या कार्पेटचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. कोणीच विचारत नाही, आणि मग ते बोरी पुलाच्या वाटेवर किंवा एखाद्या शेताच्या बांधावर पडलेलं दिसतं. रोजचा कचरा नेणारी गाडी एवढा माल सहसा उचलत नाही. काम सुरू करण्याआधी पालिकेत फोन करून मोठ्या वस्तूंचं काय करतात ते विचारा आणि तो दिवस बघूनच काढण्याचा दिवस ठरवा, म्हणजे वळकट्या जिन्याखाली भिजत पडणार नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही कल्पना द्या. मागच्या अंगणात जाळायचा विचार कोणी काढला तर ठाम नकार: उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने बंदी आहे, आणि पीव्हीसीची पाठ जळली की जो धूर निघतो तो पहिल्यांदा तुमच्याच सासूबाईंच्या खोलीत येईल. ॲल्युमिनियमची पट्टी भंगारवाला आनंदाने घेईल, कार्पेटला तो हात लावणार नाही. सासऱ्यांना एखादा तुकडा ठेवावासा वाटला तर बुरशी नसलेल्या भागातला, उन्हात चांगला वाळवलेला असू दे.

दुकानदाराला सांगा, कार्पेट काढून झाल्यावर मापं घ्यायला या. तो आला की त्याला प्लॅस्टिकच्या चाचणीचा निकाल दाखवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: तळमजल्याच्या जमिनीत किती ओल चालेल असं कंपनी म्हणते, तळमजल्यावर वॉरंटी लागू राहते का, आणि न उघडलेली खोकी परत घेणार का. या तिन्हींची लेखी उत्तरं मिळाली की ॲडव्हान्स द्यायला माझी हरकत नाही.